वाचकांचे प्रश्न: लेकराला घेऊन उथळ पाण्यात गळ टाकायला जाताना

सुट्ट्या जवळ आल्या की एकाच विषयाची पत्रं जास्त येतात, मुलाला किंवा मुलीला समुद्रावर मासे धरायला न्यायचंय, कसं न्यावं. यावेळी त्यातले काही प्रश्न घेतलेत. पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

प्रश्न: मी लहानपणापासून गळ टाकतो. आता मुलगी सात वर्षांची झालीय आणि रोज मागे लागते की बाबा मला पण न्या. तिची आई म्हणते पोरीला पोहता येत नाही, कशाला नेताय. मी म्हणतो गुडघाभर पाण्यात काय होणारे. नेलं तर कधी न्यावं आणि कुठे?

उत्तर: न्या, नक्की न्या. पण काळजीच्या बाबतीत तिच्या आईचं बरोबर आहे, आणि गुडघाभर म्हणजे कुणाचा गुडघा ते आधी ठरवा. तुमच्या गुडघ्याला लागलेलं पाणी सात वर्षांच्या मुलीच्या अख्ख्या मांडीपर्यंत येतं, त्यात ते वाहतं असतं, लाटेबरोबर मागेपुढे होतं, आणि पायाखालची वाळू सरकली की तुम्ही नुसते डगमगता पण ती बसतेच पाण्यात. म्हणून माप तिच्या गुडघ्याचं, त्याच्या वर नाही. आणि तिच्या वजनाच्या मापाचं लाइफ जॅकेट पाण्याजवळ गेल्यापासून परत येईपर्यंत अंगावर, बॅगेत नाही. पोहता येणाऱ्या मुलांनाही हेच.

आता वेळ. पहिल्यांदा जाल तेव्हा अगदी ओहोटी संपतानाच पोचा, पाणी पार मागे गेलेलं असेल तेव्हा. त्यावेळी मासे फारसे मिळणार नाहीत पण जमीन दिसेल, कुठे खड्डा आहे, कुठे चर आहे, कुठे खडक, कुठे पाय रुतणारा चिखल. मुलीला बरोबर घेऊन अर्धा तास नुसतं फिरा, तिला विचारा की इथे पाणी आलं की कुठून येईल. मुलांना हे फार आवडतं, त्यांची नजर खाली असतेच, खेकड्याची बिळं आणि किड्यांनी काढलेल्या वाळूच्या गुंडाळ्या आपल्या आधी त्यांना दिसतात. आणि ज्या जागी ही बिळं दाट तिथेच पाणी चढल्यावर मासे चरायला येणार, म्हणजे गळ कुठे टाकायचा हे ठरवायचं काम तिने केलेलं असतं.

मग भरती लागली की पहिले दीड-दोन तास तुमचे. चढत्या पाण्याच्या काठाकाठाने छोटे मासे आत येतात, पाण्याखाली नुकत्या गेलेल्या वाळूतले किडे, कोळंब्या, बारके खेकडे टिपायला. तुम्ही कडेला उभं राहून टाकायचं आणि पाणी पुढे सरकलं की तुम्ही मागे सरकायचं.

इथे एक हिशोब डोक्यात पक्का ठेवा. बऱ्याच किनाऱ्यांवर ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास लागतात पण पाणी सहाही तास सारखं चढत नाही. ढोबळ मानाने बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे जिथे भरती-ओहोटीत 3 मीटरचा फरक आहे तिथे पहिल्या तासात पाणी 25 सेंटीमीटरच चढतं, बघणाऱ्याला वाटतं किती सावकाश येतंय, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून दीड मीटर, तुमच्या मुलीच्या डोक्याच्या वर. सुरुवातीचा संथपणा बघून निवांत झालेली माणसंच अडकतात. म्हणून तिसरा तास लागायच्या आत तुम्ही दोघं पूर्ण कोरड्यात, मासे कितीही लागत असले तरी. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते त्यामुळे मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालणार नाही, त्या दिवसाचं आणि त्याच किनाऱ्याचं वेळापत्रक बघायचं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि जोरात वाहतं, तेव्हा मुलांना घेऊन जाऊ नका. अर्धा चंद्र असतो तेव्हा, अष्टमीच्या आसपास, भांगाची भरती, पाण्याची चाल त्यामानाने शांत, पहिल्या फेरीला तीच बरी.

जागेबद्दल एकच गोष्ट ठासून सांगते, बाकी तुम्हाला माहीत आहेच. जिथे उभे राहणार तिथून कोरड्या जमिनीपर्यंत सरळ चढ हवा, मध्ये चर नको. वाळूचे उंचवटे फसवतात, माणूस पुढच्या उंचवट्यावर समुद्राकडे तोंड करून उभा असतो, पुढे पाणी घोट्याइतकंच दिसतं, आणि तेवढ्यात मागचा खोलगट भाग बाजूने भरत आलेला असतो. परत फिरतो तेव्हा मध्ये कंबरभर वाहतं पाणी. मोठा माणूस कसातरी पार करतो, मूल करू शकत नाही. म्हणून दर दहा मिनिटांनी मागे वळून बघायचं, आणि हे काम मुलीला द्या, ती तुमच्यापेक्षा चोख करेल. खाडीचं तोंडही टाळा, ओहोटीला तिथून पाणी बाहेर ओढतं. लाटांच्या रांगेत मध्येच एक शांत पट्टा दिसतो जिथे लाट फुटत नाही, नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते पण बरेचदा तिथूनच पाणी समुद्राकडे परत जात असतं, तिथे उभं राहायचं नाही.

आणि गडगडाट ऐकू आला की लगेच निघायचं. उघड्या किनाऱ्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता, हातातला कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत परत पाण्याकडे यायचं नाही.

प्रश्न: नऊ वर्षांच्या मुलाला मासे धरायचेत. त्याचे बाबा कामासाठी बाहेरगावी असतात, मला यातलं ओ की ठो कळत नाही. दुकानात गेलं तर शंभर वस्तू. कमीत कमी काय लागतं?

उत्तर: ताई, तुम्हाला येत नाही हे चांगलंच आहे, दोघं बरोबर शिकाल, त्याला आईला काहीतरी शिकवायलाही मिळेल.

खरं सांगायचं तर रॉडशिवायही जमतं. प्लास्टिकच्या चकतीला किंवा रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, टोकाला गळ, वर थोडं शिसं. माशाने आमिषाला तोंड लावलं की बोटाला थेट कळतं, ती टुकटुक रॉडवर एवढी स्पष्ट नाही लागत, मुलं यानेच पटकन शिकतात. फक्त दोरी हाताला किंवा बोटाला कधी गुंडाळायची नाही, जोरात ओढ बसली तर कापते. रॉड घ्यायचाच तर पाच-साडेपाच फुटी हलका, आणि रीळ बंद तोंडाचं, ज्याला मागे बटण असतं ते, त्यात दोरीचा गुंता कमी होतो. दोरी तीन-चार किलो पेलणारी पुरे. गळ लहान, 6 ते 10 नंबरमधला, आणि यात नंबर वाढला की गळ बारीक होतो हे लक्षात ठेवा नाहीतर उलटाच आणाल. उथळ पाण्यातल्या माशांची तोंडं छोटी असतात, मोठ्या गळावरचं आमिष ते कडेकडेने खाऊन निघून जातात आणि मूल म्हणतं इथे मासेच नाहीत.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू पक्कड. घरीच बसून प्रत्येक गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून टाका. मासा थोडे जास्त वेळा सुटेल, सुटू दे, पण गळ बोटात घुसला (आणि मुलांच्या बाबतीत कधीतरी घुसतोच) तर आला तसा मागे निघतो. उलटा काटा असलेला गळ खोल गेला असेल किंवा डोळ्याजवळ लागला असेल तर ओढाओढ करू नका, दोरी कापा, गळ हलणार नाही असा झाका आणि डॉक्टरांकडे न्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारा. डोळ्यांसाठी दोघांनाही चष्मा हवा. पोलराइज्ड असला तर दुहेरी फायदा, पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो, त्यातून फिरणारी माशाची सावली मुलाला एकदा दिसली की मग त्याला हलवणं अवघड.

शिशाबद्दल एक बोलायचंच आहे. शिशाचा चिरलेला मणी दोरीवर दाताने दाबून बसवायची पद्धत बऱ्याच जणांची असते आणि मुलं बघून तेच करतात. शिसं पोटात जाणं मुलांना फार वाईट, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, थोडंसंही चालतं असं नाही. पकडीनेच दाबा, खाण्याआधी हात साबणाने धुवा, आणि शिशाऐवजी दुसऱ्या धातूचं वजन मिळालं तर तेच घ्या.

टाकायची प्रॅक्टिस आधी मोकळ्या मैदानात, गळ न लावता, टोकाला रबराचा तुकडा बांधून. टाकण्याआधी मागे बघायचं आणि मोठ्याने "टाकतोय" म्हणायचं, ही सवय मैदानातच लागली पाहिजे. आणि त्याचा गळ लांब जात नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, उथळ पाण्यात मासे पायाशीच असतात, चढत्या पाण्यात तर अगदी काठाला. उलट पाण्यात धपधप करत चार पावलं पुढे गेलं की ते पळतात. दोन पावलं मागे उभं राहून जवळच टाकलेला गळ जास्त मासे देतो.

आमिष म्हणून सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा, तो गळावर नीट ओवलेला, लोंबता नको.

प्रश्न: मुलगा आठ वर्षांचा. हौसेने येतो पण अर्ध्या तासात बोअर झालं म्हणतो, मग दगड मारणं, वाळू खणणं. मला मात्र नीट मासे धरता येत नाहीत आणि चिडचिड होते. त्याचा पेशन्स कसा वाढवू?

उत्तर: दादा, पेशन्स राहू दे, तुमचा रॉड घरी ठेवा. हे मी मनापासून सांगतेय, रागावून नाही. पहिल्या फेऱ्यांना एकच गळ न्यायचा आणि तो त्याचा. तुमच्या हातात तुमचा रॉड असतो तोपर्यंत त्याने आमिष लावून दे म्हटलं की तो तुम्हाला अडथळा वाटणार, दोरी गुंतली की तुमचा मासा गेला वाटणार, आणि मुलांना हे न बोलता कळतं. मोकळ्या हाताने गेलात की गुंता सोडवणं, आमिष ओवणं, पाण्यावर लक्ष ठेवणं हेच तुमचं काम होतं. शिवाय पाण्याच्या कडेला मुलाकडे सतत बघायला डोळे मोकळे राहतात, ते सगळ्यात मोठं. तुम्हाला स्वतःला मासे धरायचेत ना, त्यासाठी वेगळ्या दिवशी एकटे जा, मजेत जा.

आणि अर्धा तास काही कमी नाही. वाळू खणणं हाही याच कामाचा भाग आहे, त्याला सांगा आमिषासाठी किडे शोध, शिंपल्या शोध, गळ तिथे राहू दे. कंटाळा येतो तो बहुतेक वेळा काहीच होत नाही म्हणून, तर मोठ्या माशाच्या नादाला न लागता बारीक गळ आणि बारीक आमिष लावा, वाळूत तोंड खुपसून खाणारे मुडदुशीसारखे छोटे मासे दर थोड्या वेळाने टोचत राहतात, त्याचा हात जागा राहतो. बोय मासे उड्या मारताना दिसतात आणि मुलं त्यांच्यामागे लागतात पण बोय मुख्यतः शेवाळ आणि गाळातलं बारीकसारीक खातो, कोळंबीला सहसा येत नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा म्हणजे निराश होणार नाही. निघायची वेळ त्याचा उत्साह संपायच्या आतली ठेवा, ऊन चढायच्या आधीची, पाणी आणि टोपी विसरू नका, पाण्यावरून ऊन परत अंगावर येतं.

प्रश्न: पहिला मासा लागला तेव्हा माझी सहा वर्षांची मुलगी खूश झाली आणि तो वाळूत तडफडायला लागला तशी रडायला लागली. आई त्याला दुखतंय का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. पुढे काय बोलू?

उत्तर: खरं बोला. माशांच्या तोंडाशी इजा ओळखणाऱ्या नसा असतात हे 2003 मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटवर अभ्यास करून दाखवलं, ओठात झोंबणारा पदार्थ टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते आणि बराच वेळ खात नव्हते. त्यांना आपल्यासारखंच जाणवतं का यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे, पण सहा वर्षांच्या मुलीला एवढं सांगता येतं की हो, त्याला त्रास होत असणार, म्हणून आपण पटापट करायचं. तिने जे बघितलं ते तिला बरोबर कळलंय, तुम्ही नाही म्हटलंत तर पुढच्या वेळी ती तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

मग तिला त्रास कमी करायचं काम द्या. माशाला वाळूत टाकायचंच नाही, कोरड्या वाळूने आणि कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच थर त्याला रोगांपासून वाचवतो. बादलीत समुद्राचं पाणी तयार ठेवायचं, हात ओले करायचे, कल्ल्यांना हात लावायचा नाही, गळ पकडीने काढायचा. मासा पाण्याबाहेर असेल तोवर तिने श्वास रोखून धरायचा, तिला सोडावासा वाटला की मासा पाण्यात गेलेला पाहिजे, हे मुलांना लगेच समजतं. गळ गिळला असेल तर आतून ओढून काढू नका, दोरी तोंडाजवळ कापून सोडून द्या, ओढून काढण्यापेक्षा असं सोडलेले मासे जास्त जगतात. बादलीत फार वेळ ठेवू नका, थोड्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो आणि पाणी तापतं.

घरी न्यायचा असेल तर तेही लपवू नका, पण तडफडत ठेवू नका, डोक्यावर डोळ्यांच्या किंचित मागे एक घट्ट फटका, तो तुम्ही मारायचा. तिला बघायचं नसेल तर ती तोंड फिरवेल. आणि ती म्हणाली की मला आता मासे नाही धरायचे, तर तेही ऐका, जाळीदार झारा घेऊन डबक्यातल्या कोळंब्या बघायला जा, समुद्र तोच आहे. किती मोठा मासा ठेवता येतो, कुठला ठेवायला बंदी आहे हे नियम जागोजागी वेगळे आहेत, जायच्या आधी बघून ठेवा आणि मुलांसमोरच मोजा.

प्रश्न: उथळ पाण्यात काय काय चावतं-टोचतं? मुलांना आधी काय सांगून ठेवावं?

उत्तर: थोडक्यात सांगते. अनवाणी नाही, बंद बूट. पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत चालायचं, म्हणजे वाळूत लपलेला पाकट (चपटा, लांब शेपटीचा मासा) धक्क्याने निघून जातो, पाय वर पडला की तो शेपटीचा काटा मारतो. शिंगाळा या माशाला मिशा असतात आणि पाठीवर व दोन्ही बाजूंना विषारी काटे, तो मुलाने पकडायचा नाही, तुम्हीच पकडीने सोडवा. दोघांच्याही टोचण्यावर सोसवेल इतकं गरम पाणी लागू पडतं, साधारण 40 ते 45 अंश, त्यात तो भाग अर्धा ते दीड तास ठेवायचा, पाणी आधी मोठ्याने स्वतःच्या हातावर बघायचं कारण दुखण्यात मुलाला भाजलेलं कळत नाही. नंतर डॉक्टर. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर उपसायचा नाही, तसंच हॉस्पिटल गाठायचं.

किनाऱ्यावर मेलेली दिसणारी जेलीफिशसुद्धा डसते, हात नको. उबदार समुद्रातले कोनाच्या आकाराचे देखणे नक्षीदार शंख जिवंत असतील तर त्यांचा डंख जीवघेणा ठरू शकतो, म्हणून आत प्राणी असलेला शंख उचलायचाच नाही. आणि गळाला लागलेला मासा फुगून चेंडूसारखा झाला तर मुलं हसतात, पण त्याचे दात बोट तोडू शकतात आणि त्याच्यातलं विष शिजवूनही जात नाही, तो सोडूनच द्यायचा.

प्रश्न: मुलगा तेरा वर्षांचा, माझ्याबरोबर बऱ्याच वेळा आलाय. आता मित्रांबरोबर एकट्याने जायचं म्हणतोय. सोडू का?

उत्तर: एकट्याने नाही, मित्र बरोबर असले तरी लगेच नाही. आधी एक फेरी त्याला आखू द्या, वेळापत्रक त्याने बघायचं, जागा त्याने निवडायची, परत कधी फिरायचं हे त्याने ठरवायचं आणि तुम्ही नुसते मागे चालायचं, काही सांगायचं नाही. मासे जोरात लागत असताना ठरलेल्या वेळेला त्याने स्वतःहून दोरी गुंडाळली तर तो तयार होतोय असं समजा. मग पुढच्या काही वेळा तुम्ही किनाऱ्यावर, हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर. त्यानंतर मित्रांबरोबर, सगळ्यांना पोहता येत असेल आणि सगळे लाइफ जॅकेट घालणार असतील तर, दिवसाउजेडी, तुमच्या दोघांच्या ओळखीच्या वाळूच्या किनाऱ्यावर. लाटा आदळतात त्या खडकांवर नाही. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, निघायची वेळ घरी लिहून ठेवलेली, आणि त्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत फोन आला नाही तर तुम्ही निघणार हे त्याला आधीच सांगितलेलं. उंच लाटांचा किंवा वादळाचा इशारा असेल त्या दिवशी जाणं नाही, किनाऱ्यावर ऊन पडलेलं असलं तरी.